छत्रीवाल्याच्या दारावरची पाटी

तीर्थरूप काकांच्या चरणी पुतण्याचा (अजून तसं मानत असाल तर) साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? काकूंचा खोकला थांबला का? इकडे मी बरा आहे. अक्कलदाढेची जागा भरून आली. ती दाढ काढणाऱ्या डॉक्टरीणबाईंशी, म्हणजे तुम्ही जिला दातवाली म्हणता तिच्याशी, लग्न करायला तुम्ही नाही म्हणालात, ते मी अजिबात मनाला लावून घेतलेलं नाही. एक आडनाव म्हणजे एक रक्त, म्हणजे आम्ही दोघं बहीणभाऊ, हे तुमचं म्हणणं मी मान खाली घालून ऐकलं. हे पत्र त्याबद्दल नाहीच. आपल्या आडनावाचा इतिहास तुम्ही लिहिताय, त्यासाठी मला पुरावे गोळा करायला पाठवलंत, त्याचा हा अहवाल.

पणजोबा राहायचे ती इमारत अजून उभी आहे. (जिन्याबद्दल तसं म्हणवत नाही.) घरमालकीणबाईंनी आधी मला विजेच्या मीटरसमोर नेऊन उभं केलं. मी मीटरवाला नाही हे पटल्यावर आजेसासऱ्यांची एक जाडजूड वही काढून दिली. तीत भाडेकरूंविषयीच्या तक्रारी सोडून दुसरं काही नाही. पणजोबा किल्लेदार होते याचा पुरावा मी फार शोधला, पण वहीत ते नुसते ‘छत्रीवाला’ आहेत. छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांच्या आधी त्या खोलीत एक दातांचे डॉक्टर होते. ते गाव सोडून गेले आणि दारावर त्यांची नुसत्या आडनावाची पितळी पाटी राहिली. ती त्यांना परत पाठवायची म्हणून पणजोबा पेचकस घेऊन भिडले, पण स्क्रू गंजलेले. पेचकसाचं टोक मोडून आत अडकलं, पाटी जागच्या जागी. मग काय, दाढदुखीचे पेशंट येत राहिले (दोघांच्या दाढा पणजोबांनी छत्रीच्या पकडीने काढल्याही, अशी तक्रार आहे, एकाची चुकीची), पोस्टमन पाटी वाचून पत्रं टाकत राहिला, आणि आजोबांना शाळेत घालताना हेडमास्तरांनी पाटीवरूनच आडनाव उतरवून घेतलं. पणजोबा भिडस्त. नाही म्हणायचं राहून गेलं. आपलं आडनाव ते हे.

शेवटचं पान मात्र मी दोनदा वाचलं. तोवर आजोबा नोकरीला लागले होते, आडनाव अंगवळणी पडलं होतं, म्हणून खोली सोडताना छत्रीवाल्याने सुतार आणून पाटीसकट दाराचा चौकोनच कापून नेला. काका, तुम्ही दर रविवारी लिंबू लावून घासता ती पाटी, आणि तिच्यामागची फळी, जी तुम्ही पाहुण्यांना लढाईतल्या ढालीचा तुकडा म्हणून दाखवता, तीच ही. दाराला तिथे अजून ठिगळ आहे. मी टेप लावून मोजलं, आणि काकूंकडून फोनवर आपल्या फळीचं माप मागवलं. (त्यांनी कारण विचारलं नाही, नुसत्या हसल्या.) बोटभरही फरक नाही.

तुमच्या लिहून झालेल्या अकरा प्रकरणांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. वाईट वाटून घेऊ नका. मलाही दोन दिवस आरशात कुणीतरी परका दिसत होता. मग जेवण नीट जायला लागलं.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
छत्रीवाल्याचा पणतू

ता.क. – ते दातांचे डॉक्टर म्हणजे दातवालीचे पणजोबा. तिच्या आजीला विचारून खात्री केली आहे. म्हणजे आडनाव त्यांचं आहे, आपलं नाही, आणि रक्ताचा संबंध थेंबाचाही नाही (दाढ काढताना आलं तेवढं सोडून). तेव्हा होकार कळवावा.

आणखी ता.क. – आजीला पाटी परत हवी आहे. ‘छत्रीवाल्याने आमची पाटी पळवली’ हे त्या लग्न होऊन आल्या दिवसापासून सासरी ऐकत आल्या आहेत. पाटी तुमच्या दिवाणखान्यातच राहावी असं वाटत असेल, तर पाटीवाल्यांची मुलगी सून म्हणून तिथे येणं हा एकच मार्ग मला दिसतो.

अगदी शेवटचं – घरमालकीणबाईंनीही दाराचा चौकोन मागितला आहे. म्हणजे पाटी आजींची, फळी घरमालकीणबाईंची. पण तिसऱ्या स्क्रूत रुतलेलं पोलादी टोक, ज्याला तुम्ही बाणाचं टोक म्हणता, ते मात्र आपलं. दुसऱ्याची वस्तू परत करायला निघालेल्या माणसाचं ते आहे. काका, इतिहास तिथून सुरू करा.