चारही नापास

सोम., ३ नोव्हें.
मसुद्याची नवी आवृत्ती आली. दोन कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचे नियम. ते बदलले की आमच्या चाचण्याही बदलायच्या. संभाषण बंद करायच्या नियमावरची चाचणी आज चालवली. पहिल्यांदाच अख्खी मी लिहिलेली. चार कंपन्यांचे चार प्रोग्रॅम. चारही नापास. जेवण गेलं नाही.

मंगळ., ४
पुण्याच्या ऑफिसातून सरांचा फोन: "चौघं चुकले आणि तू एकटी बरोबर? शुक्रवारपर्यंत दाखव, नाहीतर चाचणी काढून टाकू." काढू देणार नाही. माझी आहे ती.
पप्पांना जाणून घ्यायचं होतं, मी नेमकं करते काय. म्हटलं, "आई अक्कलकोटच्या मावशीशी बोलते तसंच. 'ठेवू का' विचारायचं, तिकडून 'ठेव' आलं की ठेवायचं. हे चौघं विचारतात आणि लगेच ठेवतात."
पप्पा: "मग तुझ्या आईलाबी नापास कर की. ती 'ठेव' आल्यावरबी ठेवत न्हाय."
आई आतून: "ऐकू येतंय हितं."

गुरु., ६
सापडलं. नियम एकीकडे, त्याचं उदाहरण पार शेवटी, आणि उदाहरणात पोच, म्हणजे समोरचं 'ठेव', यायच्या आधीच बंद केलंय. चौघांनीही नियम सोडून उदाहरणच उतरवून घेतलं. आपापसांत जोडून बघितलं तर सगळं सुरळीत, कारण चूक सगळ्यांची एकच. मी उदाहरणं वाचतच नाही, कंटाळा येतो. (सरांना हे सांगायचं नाही.) मसुदा लिहिणाऱ्या समितीला मेल टाकला आणि इथल्या नवी पेठेत जाऊन स्वतःला साडी घेतली. मोरपंखी. फार म्हणजे फारच खूश आहे.

शुक्र., ७
सरांचा फोन. "राहू दे चाचणी." मग फोन ठेवता ठेवता, "छान पकडलंस." एवढंच. दिवसभर गुणगुणत होते.

सोम., १०
समितीत जुंपलीय. निम्मे म्हणतात, उदाहरण सुधारा. निम्मे म्हणतात, सगळे तसंच करतात तर नियमच बदला. म्हणजे बरोबर असूनही माझीच चाचणी चुकीची ठरायची. कमालच.
पप्पा: "मग आता खरं कोन?"
"आज मी. पुढच्या मसुद्यात माहीत नाही."
"आजचं तर झालं की. जेव आता."
दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

बुध., १२
निर्णय उद्या. दोन्ही चाचण्या लिहून तयार ठेवल्यात. नियम बदलला तर पहिली, तिच्यात चारही पास; उदाहरण सुधारलं तर दुसरी, तिच्यात चारही नापास. सरांना म्हटलं, मला दोन्ही चालतील. साफ खोटं. मला दुसरीच हवीय.