न सांगता कळणारी

मुलुंड,
१२ फेब्रुवारी १९८४

प्रिय उत्तरा,

तुझं पत्र पोचलं. काशीरामकाकाकडे तू रुळलीस, ट्रेनिंग कॉलेजात पाठ घ्यायची भीतीही गेली, वाचून बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल.

कांदिवलीचा मुलगा तुला पाहायला आला तेव्हा म्हणाला होता, मला परसेप्टिव्ह बायको हवी. मी मान डोलावली, पण अर्थ कळला नव्हता. मग शेजारच्या विन्सेंटला विचारलं. तो म्हणाला, "अरे, ऑब्झर्व्हंट माणसाला दिसतं, तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय. परसेप्टिव्ह माणसाला कळतं, तू भांडून आलायस. आमची डोरोथी तशी. खोटं बोलायची सोयच नाही रे!" आपण जाण म्हणतो, तेच हे. असा शब्द वापरणारा मुलगा चांगलाच असणार, असं मला वाटलं. त्यात गावी लावलेला देवीचा कौलही उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला. काकाने लगेच कळवलं, "देवीन उजवो दिल्यान, आता इचार कसलो?"

गेल्या रविवारी मी आणि तुझी आई कांदिवलीला त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. थोरली सून शेवंती पोहे घेऊन आली. सासऱ्यांनी खिसा चाचपला, तोच तिने चष्मा हातात दिला. मला ठसका लागला, तर पाणी पुढे. मुलगा कौतुकाने म्हणाला, "बघितलंत? वहिनीला काही सांगावंच लागत नाही. याला म्हणतात परसेप्टिव्ह!" पेला घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला. नुसता भाजत होता. मी म्हटलं, "पोरी, ताप आहे का गं अंगात?" ती सासूकडे बघत राहिली. सासू हसली, "तिला काय धाड भरलीय! पाहुणे आले की चेहरा पाडते." मुलाने मान वर केली नाही. त्याची बशी रिकामी झाली आणि शेवंतीने न विचारता पुन्हा वाढलं.

मुलगा तुझ्या मनात भरलाय, हे तू लिहिलं नाहीस. पण एका पत्रात दोनदा विचारलंस, कांदिवलीहून काही कळलं का. म्हणून तुला आधी लिहितो. येत्या रविवारी मी जाऊन नकार सांगणार आहे. कौल देवीचा, तसे हे सगळं बघणारे माझे डोळेही तिनेच दिलेले. गावी येईन तेव्हा तिच्यापुढे मीच गाऱ्हाणं घालीन. काकाला काय बोलायचं ते बोलू दे. तू रागाव, इथे येऊन माझ्याशी भांड. पण त्या घराला होकार माझ्या तोंडून जाणार नाही.

तुझाच,
बाबा