भिंत तीन फूट वर

१२ मार्च
सौ. जळगावला, लेकीच्या बाळंतपणाला. देवपुरात मी एकटा. सकाळी उठून बघतो तर समोरच्या अक्का जास्वंदीवर! आपली कंपाउंडची भिंत कमरेएवढी, हात घातला की फूल. मुद्दाम खोकलो. त्यांनी आणखी दोन तोडली. "मास्तर, मी काय मनासाठे तोडस? देवसाठे तोडस!" देव त्यांचा, झाड माझं.

१५ मार्च
ठरलं. भिंत वाढवायची. सौ.ला विचारलं नाही. नको म्हणाली असती. तिची संध्याकाळ त्या भिंतीवरच जाते. गल्लीतल्या बायका बसतात, मेथी निवडतात, अख्ख्या कॉलनीचा निकाल लावतात. देठ मी झाडायचे.

२१ मार्च
काम झालं. तीन फूट वर. गवंडी खूश, "सर, आते मांजर बी येवाव नही."

२२ मार्च
अकरा फुलं, सगळी झाडावर. बघायला मी एकटा.

२६ मार्च
भाजीवाली न थांबता गेली. तिला वाटलं, घर बंद. शेजारच्या नानांचा फोन, "तब्येत बरी आहे ना? दिसत नाही." वीस पावलांवरून फोन! सौ.ने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "गल्लीचा आवाज कसा नाही?" म्हटलं, ऊन फार आहे.
खरं सांगायचं तर करमत नाही. अक्कांशी भांडल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

२९ मार्च
माझं बघून आणखी दोघांना भिंत वाढवायची हुक्की. गवंड्याचा नंबर मागत होते. हरवला म्हणालो. उद्या नानाही भिंतीआड गेले तर...

२ एप्रिल
सौ. आली. रिक्षा घर ओलांडून पुढे गेली, मग मागे आली. ती भिंतीकडे बघत राहिली, माझ्याकडे नाही. बॅग फाटकात ठेवली नि सरळ अक्कांच्या ठेंगण्या भिंतीवर जाऊन बसली. पाच मिनिटांत सगळ्या जमल्या. नातवाचे फोटो तिकडेच. हसणं इथपर्यंत.
फाटकातून ओरडलो, "पाडून टाकू का?"
सगळ्या माना इकडे वळल्या. मग सौ. म्हणाली, "चहा आणा. सहा कप."
आधण सात कपांचं ठेवलंय. बसू देतात का बघतो.