शून्याला चार म्हणणारी ओळ

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुन्हा चार! पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजचा भोंगा आज दुपारी परत वाजला. इथे आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर ४ अंश. द्राक्षांना शून्य लागतं. तिथल्या ऑपरेटरचा, खंडेरावांचा फोन मीच घेतला — "मॅडम, दार नाय उघडलं मी. आतल्या थर्मामीटरवर शून्यच हाय." आमचे ललित सर म्हणाले, त्यांचं थर्मामीटर जुनं असेल. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर स्टोरेजचे मालक खंडेरावांना काढणार. आणि मी? "आमचं सॉफ्टवेअर बरोबर आहे" असं मालकांना कळवून मोकळी झाले. लाज वाटतेय.

४ फेब्रुवारी
तापमानाच्या नोंदी चाळल्या. १ आहे, २ आहे, उणे १ पण आहे. शून्य महिन्याभरात एकदाही नाही. असं कसं?

५ फेब्रुवारी, गुरुवार
सापडलं!!
आमच्या कोडमधली एकच ओळ. सेन्सरकडून काही आलं नाही तर ४ धरायचे, म्हणजे भोंगा वाजेल. हेतू चांगला, पण लिहिलंय || हे 'किंवा'चं चिन्ह वापरून. मी आजवर समजत होते, हे चिन्ह फक्त खरं की खोटं एवढंच सांगतं. छे. ते आधी डावीकडची किंमत बघतं. खरी वाटली तर तीच जशीच्या तशी परत देतं, नाहीतर उजवीकडची. 1 || 4 टाकलं — आलं 1, true नाही. 0 || 4 टाकलं — 4. कोड ज्या भाषेत आहे त्या जावास्क्रिप्टच्या लेखी शून्यही खोटंच!

म्हणजे खंडेराव जितकं नेमकं शून्य राखणार, तितका त्यांच्या नावाने भोंगा. डोकंच फिरलं माझं. मग ?? लावलं. ते डावीकडे null किंवा undefined असेल, म्हणजे खरोखर काहीच आलं नसेल, तरच उजवीकडे जातं. 0 ?? 4 — आलं 0. खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

६ फेब्रुवारी
सरांना ओळ दाखवली. त्यांनी स्वतः 0 || 4 टाकून बघितलं. मग, "मोहिनी, मालकांना तूच सांग." सांगितलं, स्पष्ट — चूक आमची. खंडेराव राहिले! फोनवर म्हणाले, "लय बरं झालं, मॅडम. बायकोसुदिक म्हणत व्हती, ड्युटीवर झोपत असाल तुम्ही." जिंकले मी. येताना एकटीनेच मिसळ खाल्ली, वर जिलेबी.

७ फेब्रुवारी
जुन्या नोंदी तपासल्या. मागच्या हंगामातही चारच चार. खंडेराव तर यंदाच लागलेत. विचारलं. "माझ्याआधी उज्ज्वलाताई व्हत्या. ह्याच्यापायीच काढलं त्यांना."
त्यांचा नंबर घेतलाय. काय बोलू?