नऊ काळ्या स्क्रीन

डिचोली, १४ नोव्हेंबर

प्रिय गौरेश,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. फोन केला असता तर दोन मिनिटांत भांडण होऊन संपलं असतं, म्हणून लिहायला बसले आहे. शेवटपर्यंत वाच.

वाचनालयामागच्या खोलीतले आपले चौदा कॉम्प्युटर तुला आठवत असतील. ऑफिसांनी, कारखान्यांनी टाकून दिलेले. एकाचं व्हिडिओ कार्ड दुसऱ्याशी जुळेल तर शपथ. ग्रंथपाल दत्ताराम सरांनी खोली दिली आणि आपण दोघं त्या मशीनांवर खुली, फुकट मिळणारी सिस्टीम चढवायला बसलो. प्रत्येक कार्डाची भाषा निराळी, आणि बनवणारी कंपनी ती कुणाला सांगणार नाही. एका कार्डापायी आपली चतुर्थीची अख्खी सुट्टी गेली. तू एकेक आकडा बदलायचास आणि स्क्रीनवर काय होतं ते मी वहीत उतरवायचे. कधी सगळं हिरवंगार, कधी चित्र मधोमध चिरलेलं. ज्या दिवशी ते नीट उमटलं, त्या दिवशी तू मला उचलूनच घेतलंस, आणि सर दारात उभे! त्यानंतर वर्षभर ते माझ्याकडे बघून नुसते हसत असत. पुढे तू बंगळूरला गेलास, ती कार्डं बनवणाऱ्या कंपनीतच, खुल्या सिस्टीममधला त्यांचा भाग सांभाळायला. मी सगळ्यांना सांगत सुटले, आता आतला माणूस आपला आहे.

या वर्षी चौदा मुली माझ्याकडे यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायला शिकत होत्या. तुयेचा एक कारखाना नोकरीसाठी त्यांची परीक्षा आपल्याच खोलीत घेणार होता. त्यांचं नवं सॉफ्टवेअर जुन्या सिस्टीमवर चालेना, म्हणून मी नवी आणली. आधी माझ्या घरच्या मशीनवर घातली, ती झकास चालली. आदल्या संध्याकाळी सगळ्यांवर चढवली, मशीनं बंद केली आणि घरी गेले. एका कार्डावर चाललं म्हणजे त्या एकाच कार्डावर चाललं, हे मला कळायला हवं होतं. ती चूक माझी, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

सकाळी बटणं दाबली. पाच स्क्रीन उजळल्या, नऊ काळ्याच राहिल्या. पंखे फिरताहेत, दिवे लुकलुकताहेत, समोर काही नाही. सेजल म्हणाली, "टीचर, माजो कॉम्प्युटर मेलो काय?" तिचे वडील खाणीवर ट्रक चालवायचे, खाण बंद झाल्यापासून घरातच. पोर मये गावाहून रोज पहिल्या बसने यायची, वर्गात सगळ्यांत स्वच्छ रेघ तिची. मी केबली काढल्या, घातल्या, शेवटी पाच मशीनवर पाळीपाळीने परीक्षा घ्या म्हणून विनवलं. कारखान्याचे साहेब घड्याळ बघून म्हणाले, "मॅडम, पाळ्यांना वेळ नाही. काम दिसल्याशिवाय मी गुण कशाला देऊ?" उजळलेल्या पाच स्क्रीनसमोर ज्या बसल्या होत्या, त्या पाचजणी लागल्या. नंतर मी तुयेला दोनदा जाऊन भांडले, काही झालं नाही. वयाची अट असल्यामुळे सेजलला पुढच्या वेळी बसताही येणार नाही. ती आता केरीला एका गेस्ट हाऊसमध्ये खोल्या झाडते.

मग कारण शोधू लागले. नवीन सिस्टीममधून जुन्या कार्डांचा ड्रायव्हर, त्यांची भाषा सिस्टीमला समजावणारा तो प्रोग्रामच, काढून टाकला होता. काढणाऱ्याने बदलाच्या नोंदीत एकच ओळ लिहिली होती: ही कार्डं आता कुणी वापरत नाही. त्याखाली तुझं नाव.

तीनदा वाचलं, गौरेश. कुणी नाही? तू ज्यांच्यासमोर मांडी घालून बसलास तीच ही कार्डं! हजार तऱ्हेची कार्डं सांभाळणं सोपं नाही, तुमच्याकडे माणसं थोडी, नवीन माल दर सहा महिन्यांनी येतो, हे सगळं मला कळतं. "जमत नाही" असं लिहिलं असतंस तर मी शिव्या देऊन गप्प बसले असते. पण तू आम्हाला नाहीच करून टाकलंस. तुझी आई बाजारात भेटली की विचारते, गौरेश काय म्हणतो गो? मी काय सांगू? तीन वर्षांत तू डिचोलीला आला नाहीस, याचा राग मी कधी केला नव्हता. आज तोही करते.

आता पत्राचं कारण. तीन आठवडे रोज शाळेत शिकवून आल्यावर मी त्या नऊ मशीनपुढे बसले. काढलेला ड्रायव्हर परत आणला, नव्या सिस्टीमशी जुळवला, आणि नऊच्या नऊ उजळल्या. पण तो नुसता आमच्या खोलीत राहिला तर पुढच्या बदलात परत पुसला जाईल. म्हणून काल मी तो रीतसर मुख्य सिस्टीम सांभाळणाऱ्यांकडे पाठवला, आणि तो तपासायला तुझ्याकडेच येणार आहे. माझं नाव बघून पास करू नकोस आणि माझं नाव बघून दाबूनही ठेवू नकोस. ओळ न् ओळ वाच, चूक असेल तर सगळ्यांसमोर सांग, मी दुरुस्त करीन. आणि खाली सही करून लिही की या कार्डांची देखरेख यापुढे अश्विनी करणार. नवी तुकडी सोमवारपासून बसते आहे.

रागावलेली, पण अजून तुझीच,
अश्विनी