दाराजवळचा बाक
खर्डा, बुधवार, १२ एप्रिल १९७२

आठवीला आज 'रिजिग' हे इंग्रजी क्रियापद शिकवलं. आहे तेच नव्यानं मांडायचं. बोलताना चालतं, अर्जात नको. उदाहरण म्हणून ऊसतोडीहून परतलेल्या मुलींना दाराजवळच्या बाकावरून उठवून पुढे बसवलं. दिवाळीनंतर पुन्हा जाणारच, म्हणून त्यांना कायम दाराजवळ बसवायची इथली पद्धत.

हेडमास्तर आत आले. "बाई, हे काय?"

"उदाहरण, सर."

"तास संपला की पहिल्यासारखं करा."

तास संपला. नाही केलं. उद्या जाब विचारतील, विचारू देत.

जाताना त्यांच्यातली सुमन म्हणाली, "बाई, हितनं फळ्यावरचं समदं दिसतंय."

मग आठवीपर्यंत दाराजवळून तिला काय दिसत होतं?

उदाहरण संपलं. आता पुढची जागा तिची.