हाडांना वेल्डिंग नाही

३ जानेवारी, शुक्रवार

आपल्या हातानं केलेलं, आजपर्यंत: घराचं फाटक — दोन पल्ले, बिजागऱ्यांत बेअरिंग, आवाज शून्य. कूलरचा स्टँड. अंगणातला झोपाळा. दुर्गाच्या शिलाई मशीनचं टेबल. रेणूचा पलंग, खाली चार खण. गच्चीचा जिना — सतरा पायऱ्या, प्रत्येक सात इंच, कमी नाही, जास्त नाही. सुपेला बाजारातल्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानाचा सांगाडा, शटर सोडून. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. सगळं बघून बघून शिकलो.

बायकोचं मनगट मात्र मी केलेलं नाही. सोमवारी न्हाणीत घसरली — प्लास्टर. आज हाडांच्या तपासणीचा कागद आला: उणे २.६. उणे जितकं जास्त, तितकं हाड कच्चं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हड्डियाँ पोली हो रही हैं। अगली बार गिरीं, तो कूल्हा जाएगा।" कूल्हा म्हणजे खुबा. मग यादी दिली. रोज अर्धा तास चालणं. ऊन. दूध-तीळ. व्यायाम. आठवड्याला एक गोळी. न्हाणीत धरायला दांडा.

सहा कलमं. दांडा माझ्याकडे, बाकी पाच दुर्गाकडे. वाटणी बरोबर आहे.

५ जानेवारी

दांडा लागला! स्टेनलेस, सव्वा इंची, जमिनीपासून तेहतीस इंच — दुर्गाच्या कोपरापासून दोरी सोडून माप घेतलं. चार फास्टनर. भरलेलं सिलिंडर लटकवलं, अर्धा तास. मग मी स्वतः लटकलो. केसभर हलला नाही.

दुर्गानं पाहिला. "छान झाला," म्हणाली, आणि त्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

६ जानेवारी

टॉवेल काढला.

७ जानेवारी

टॉवेल. आणि परकर.

९ जानेवारी, गुरुवार

चालण्यावरून वाद. "मी का बसून असते का दिवसभर? सैपाकघर, अंगण, न्हाणी — चालूनच राहिली ना मी!"

टेप घेऊन सकाळपासून तिच्या मागे फिरलो. ओटा ते माठ नऊ फूट. माठ ते अंगण एकवीस. संध्याकाळी बेरीज केली: सहाशे बावीस मीटर, तेही थांबत थांबत. सांगितलं. म्हणाली, "टेप गुंडाळा आधी. नाईतर त्यातच पाय अडकून पडीन मी!"

मुद्दा बरोबर होता. गुंडाळला.

ऊन? "काळी होईन." त्रेपन्नाव्या वर्षी! दूध? "ते लेकरायचं." तीळ? "संक्रांतीले खाईन ना."

शेजारच्या सिंधुताई बसल्या होत्या. त्या तर हाडं मोडलीच पाहिजेत अशा मताच्या. "माया सासूचा खुबा मोडला, मायचा मोडला, माया बी मोडीन. रीतच हाये ते. हाडाले का वेल्डिंग करता येते का, भाऊ?"

दोघी हसल्या. मी उठून दांड्याचा परकर काढला.

१२ जानेवारी, रविवार

गोळीचा दिवस. उपाशीपोटी, पेलाभर पाण्यासोबत. मग अर्धा तास ताठ — आडवं व्हायचं नाही. हे एक कलम मात्र दुर्गानं अक्षरशः पाळलं. फोटोवाल्यासमोर बसावी तशी खुर्चीत बसली.

"झाडू मारा. मले हालता नाई येत."

मारला.

"कोपरा राहिला. ... दूध पाहा, उतू चाललं! ... दारावर भाजीवाला हाये."

अर्ध्या तासाची गोळी पावणेदोन तास चालली.

१८ जानेवारी

तिला धीर यावा म्हणून डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझीपण तपासणी करा. बघ दुर्गा, दुखत नाही! मशीनवर झोपलो तर म्हणते, "तुमाले कावून? तुमी तं लोखंडाचे."

२१ जानेवारी, मंगळवार

कागद घ्यायला एकटाच गेलो. माझा आकडा: उणे ३.१.

म्हटलं, मशीन तपासा. बाईंनी मलाच तपासलं. "साँस के लिए कौन सी गोली लेते हो?" वेल्डिंगच्या धुरानं दम लागतो त्यावरची लहान पांढरी गोळी. अकरा वर्षं झाली. मेडिकलवाल्यानं एकदा दिली, डोस पुढे माझा मीच बसवला. तोही बघून बघून. "वो स्टेरॉइड है, दादा। वही हड्डी खा गई। और ये खर्रा भी।" गोळी एकदम सोडायची नाही, त्या सांगतील तशी उतरवायची. खर्रा, म्हणजे माझी तंबाखू-सुपारी, आजपासून बंद. शिडी, स्टूल, उंचावरचं काम — बंद.

पुरुषांनाही होतं म्हणे. मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही असं फार काही नसतं.

दुर्गाला सांगितलं: "नॉर्मल." कागद वेल्डिंग रॉडच्या डब्यात ठेवला.

२२ जानेवारी

दूध प्यायलो. ओट्यापाशी, उभ्यानं, कोणी नसताना.

२४ जानेवारी

तिला म्हटलं, चल, तुझ्यासाठी म्हणून मीही चालतो. आली नाही. एकटाच पस्तीस मिनिटं चाललो. परत आलो तर फाटकात उभी — "आजार माया, अन् बारीक तुमी होऊन राहिले!"

२८ जानेवारी, मंगळवार

समोरच्या खोलीची ट्यूब गेली. रेणूचा रायपूरहून फोन चालू होता. "पापा, इलेक्ट्रिशियन बुला लो ना." इलेक्ट्रिशियन! माझ्या घरात!

स्टुलावर चढलो. स्टूल माझंच, चारही पाय एका लेव्हलला. स्टूल हललं नाही. मी हललो.

खाली पाहिलं तर दुर्गा — प्लास्टरचा हात वर करून मला झेलायला उभी. चोपन्न किलोची बाई, वर एकाहत्तर किलोचा मी.

भिंत धरून उतरलो. "वेडी का तू? पडलो असतो ना तुझ्यावर!"

"मंग? दुसऱ्या कोनावर पडता का?"

हसून आत गेली. मला हसता आलं नाही. उणे २.६ वर उणे ३.१ पडला असता, तर दोन्ही खुबे एकदम. मग कोणी कोणाला उचलायचं? हा हिशेब कुठल्याच मापानं बसेना.

ट्यूब तशीच राहिली.

२ फेब्रुवारी, रविवार

जुनवानीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी राजकुमारजी आले. गच्चीवरच्या टाक्यांना लोखंडी शिड्या हव्यात. "लगाओगे आप खुद, तभी देंगे." दुर्गा चहा घेऊन उभी, चेहरा फुललेला. नाही म्हटलं. का, तेही सांगितलं — आकड्यासकट, तिच्यासमोर. तिनं चहा ठेवला. माझ्या चपला दारात उन्हात आणून ठेवल्या, शेजारी तिच्या.

नाकारलेलं काम: बारा शिड्या, बसवून. दोन लाख दहा हजार.